साताऱ्याहून वस्त्रे

२८ मे १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर चाळीस दिवसांच्या एका बाळाकडे मराठी राज्याचा कारभार सोपवण्यात आला. बाळाचे वडील नारायणराव त्याच्या जन्माआधीच शनिवारवाड्यात मारले गेलेले, चुलत आजोबा राघोबादादा स्वतः पेशवे होऊन बसलेले आणि त्यांच्याविरुद्ध एकवटलेल्या बारभाई कारभाऱ्यांचा सगळा जीव या तान्ह्यात अडकलेला. साताऱ्याहून छत्रपतींनी पेशवाईची वस्त्रे पाठवली, ती बाळाच्या नावाने स्वीकारली गेली आणि सवाई माधवराव पेशवे झाले. तोफा झाल्या असतील, साखर वाटली गेली असेल.

इतिहासाची पुस्तके इथून पुढे राघोबादादा, इंग्रज आणि सुरतेचा तह यांच्याकडे वळतात. माझे मन मात्र त्या वस्त्रांपाशीच घुटमळते. ती कुणाच्या मापाची होती? साताऱ्याच्या जामदारखान्यात तान्ह्या पेशव्याच्या मापाचा जामा शिवून ठेवलेला असेल, असे काही वाटत नाही. म्हणजे मोठ्या माणसाचा जामा, मोठ्या माणसाचे पागोटे, मोठ्या माणसाचा शेला, आणि त्या सगळ्याच्या घडीत कुठेतरी खाली पेशवा. त्यात मे महिना. किनखाब अंगाला टोचतो. मोठी माणसे सत्तेपायी ते सोसतात, पण चाळीस दिवसांच्या माणसाला सत्तेचे तेवढे महत्त्व पटलेले नसते. त्या वयाची मुले अंगावरच्या कापडाचे जे करतात ते त्याने ऐन वेळी केले असेल, तर गडावरच्या कुणा दाईने त्या दिवशी राज्याची लाज राखली असणार.

गंमत अशी की यात कुणाला गंमत वाटली नाही. बारभाईंतले नाना फडणीस, सखारामबापू ही काही भाबडी माणसे नव्हेत. त्यांना पक्के ठाऊक होते की ही वस्त्रे माणसाच्या मापाने शिवलेली नसतातच. बाळाजी विश्वनाथांना ती १७१३ मध्ये मिळाली तेव्हा ते मुरलेले गृहस्थ होते. १७२० मध्ये कऱ्हाडजवळ मसूरला थोरल्या बाजीरावांना मिळाली तेव्हा त्यांना वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती आणि दरबारातल्या बुजुर्गांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. वस्त्रे चढली की आठ्या उतरवाव्या लागतात. निदान समोरासमोर तरी.

आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. जसजसा काळ गेला तसतसे साताऱ्याचे छत्रपती नावापुरते उरले. राज्य पुण्यातून चालायचे, फौजा पुण्यातून निघायच्या, खुद्द छत्रपतींच्या खर्चावरही पुण्याची नजर असायची. पण नवा पेशवा व्हायचा म्हटले की माणसे घोड्यावर टांग टाकून साताऱ्यालाच जायची. हिंदुस्थानभर दरारा असलेल्या पेशव्याला शनिवारवाड्यातल्याच कोठीतून उत्तमातला उत्तम जामा काढून अंगात घालता आला असता. घातला असता तर तो नुसता जामा झाला असता. ज्याच्या हातात काही उरलेले नाही त्याच्याच हातून तो यावा लागायचा. जगातल्या सगळ्या मानवस्त्रांचे इंगित मला यात दिसते. ते आपले आपण घालता येत नाही.

हे मला पुस्तकांतून कळले असे म्हणून मी भाव खाणार नाही. ते मला सत्कार समारंभांत कळले. मराठी माणसाने पन्नाशी ओलांडली आणि त्याच्या नावावर चार लेख आणि एखादे पातळसे पुस्तक असले, की कुठल्या ना कुठल्या ग्रंथालयाच्या, मंडळाच्या किंवा ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्यासपीठावर त्याच्या अंगावर शाल पडतेच. ही शाल थंडीवाऱ्याशी संबंध नसलेली असते. ती बहुधा एप्रिलमध्ये पडते. ती लोकरीचीही नसते, पण आपण लोकर आहोत असा तिचा स्वतःचा गाढ समज असतो आणि त्या समजापायी ती मानेला चावते. कागदाची पट्टी अजून काठाला चिकटलेली असते. पाहुणे ती मागून टाकतात, आपण पुढे बघत असतो, छायाचित्रकार म्हणतो, "साहेब, परत एकदा!" मग ती काढून पुन्हा घालतात. दुसऱ्यांदा घातलेला मान पहिल्यापेक्षा किंचित तिरका बसतो.

खरा पेच पुढे आहे. एका हातात श्रीफळ, दुसऱ्या हातात पुष्पगुच्छ, काखेत सन्मानचिन्ह आणि खांद्यावरून घसरणारी शाल. आता नमस्कार कुठल्या हातांनी करायचा? आणि खुर्चीवर परत बसल्यावर ती शाल काढायची केव्हा? लगेच काढली तर उर्मट, शेवटपर्यंत ठेवली तर हावरा. अनुभवी सत्कारमूर्ती निवेदिकेने पुढच्या वक्त्याचे नाव उच्चारताच, टाळ्यांच्या आडून, ती अशी काही सफाईने घडी करतात की ती मुळात होती की नाही असे वाटावे. हे कसब मला अजून साधलेले नाही. आमच्या एका ज्येष्ठ मित्राला विचारले तर तो म्हणाला, "अरे, शाल घालणाऱ्याकडे बघावं. त्यानं घड्याळाकडे पाहिलं की काढावी."

घरी आल्यावर या शाली कपाटात जातात. कपाट भरते. मग लग्नाच्या मांडवात, गृहप्रवेशात, मुलीच्या सासरच्या कुणा काकांच्या पंचाहत्तरीला त्या एकेक करून बाहेर पडतात. याची काही माणसांना लाज वाटते. वाटू नये, कारण याला भक्कम ऐतिहासिक आधार आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांना राजेरजवाड्यांकडून खिलती, म्हणजे मानाची वस्त्रे, मिळायच्या. त्या स्वतःकडे ठेवायची मुभा नव्हती. त्या सरकारी तोशाखान्यात जमा व्हायच्या, आणि पुढे दुसऱ्या कुणा नवाबाला किंवा राजाला मान द्यायची वेळ आली की याच तोशाखान्यातून वस्तू निघायच्या. एका संस्थानिकाच्या घरचा जरीकाम केलेला मान असा हिंडत हिंडत दुसऱ्याच्या अंगावर जायचा. आमच्या सौभाग्यवती शयनगृहातल्या कपाटाला हल्ली तोशाखानाच म्हणतात. फक्त कुणाकडून आलेली कुणाला गेली याचा त्या जो हिशेब ठेवतात, तो कंपनी सरकारला जमला असेल का, याची मला शंका आहे. नेमकी तीच शाल त्याच माणसाकडे परत जाऊ नये, एवढे एकच कलम त्यांच्या राज्यघटनेत आहे.

खिलत फुकट मिळायची नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. बादशहाकडून वस्त्रे घ्यायची तर समोर नजर ठेवावी लागे, मोहरा, घोडे, जवाहीर. पुष्कळदा देणे हे घेण्याच्या वर जाई. आजही सत्काराच्या चार दिवस आधी कार्यवाहांचा फोन येतो, "इमारत निधीचं काम चालू आहे, आपल्यासारख्यांनी यथाशक्ती…" आपण समजून घ्यायचे असते. आपण समजून घेतोही.

पण खिलतीचा खरा कावा पैशात नव्हता. तो एकाला देण्यात आणि दुसऱ्याला न देण्यात होता. जुन्या करारात याकोब बारा मुलांपैकी योसेफ या लाडक्यालाच एक सुंदर झगा देतो. बाकीचे भाऊ त्याला खड्ड्यात टाकतात, मग परदेशी जाणाऱ्या व्यापाऱ्यांना विकतात आणि झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापाला दाखवतात. एका कपड्यापायी घरात एवढे रामायण. मुघल दरबारात हेच रोज चाले, फक्त शिस्तीत. १२ मे १६६६ रोजी आग्र्यात औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दरबारात शहजाद्यांना खिलत मिळाली, जाफरखानाला मिळाली, जसवंतसिंहाला मिळाली. मागच्या रांगेत उभ्या केलेल्या शिवाजी महाराजांना मिळाली नाही. तिथे काय घडले त्याचे वर्णन त्या दिवसांत आग्र्यात असलेल्या राजपूत कारकुनांच्या पत्रांतून आले आहे, आणि त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग महाराजांनी दरबाराला पाठ फिरवण्याचा नाही, त्यानंतरचा आहे. बादशहाने समजूत काढायला माणसे पाठवली, खिलत घालून परत आणा म्हणून सांगितले. महाराजांनी ती घालायला साफ नकार दिला. आधी न मिळाल्याचा राग आणि नंतर मिळत असताना नकार, हे वरवर विसंगत वाटेल. मुळीच नाही. दरबारात सगळ्यांसमोर मिळाली असती तर तो मान होता. कोपऱ्यात गाठून, समजूत म्हणून अंगात चढवली असती तर ती वेसण होती. कापड तेच. औरंगजेबाच्या दरबारात हा फरक कळणारी माणसे पुष्कळ असतील. तो बोलून दाखवणारा एकच निघाला.

आता याच्या बरोबर उलट टोकाचा प्रसंग. १७९२ चा जून, पुणे. महादजी शिंदे दिल्लीहून बादशहाची फर्माने आणि वस्त्रे घेऊन पेशव्यांसाठी आले आहेत. पेशवे म्हणजे पुरंदरावरचे तेच बाळ, आता अठरा वर्षांचे. बादशहा शहाआलम. त्याचे डोळे चार वर्षांपूर्वी गुलाम कादिरने काढलेले, आणि त्याला पुन्हा तख्तावर बसवले ते याच महादजींनी. म्हणजे ज्याला आपण बसवले त्याच्याकडून आपण आपल्या धन्यासाठी वस्त्रे आणायची, आणि धन्याने ती घेण्याआधी साताऱ्याची परवानगी काढायची, जिथे छत्रपती धन्याच्याच नजरकैदेत असल्यासारखे. कोण कुणाच्या वर, याचा हिशेब मांडायला बसले तर रात्र सरेल. नाना फडणीसांना हा थाट मनातून रुचलेला नव्हता, आणि नानांना न रुचलेल्या गोष्टी पुण्यात सहसा होत नसत. ही झाली.

मोठा शामियाना उभारला. त्यात एक सिंहासन मांडले, बादशहाचे. रिकामे. त्यावर फर्माने आणि वस्त्रे ठेवली. तरुण पेशव्यांनी त्या रिकाम्या सिंहासनाला कुर्निसात केला, नजर ठेवली, शेजारच्या तंबूत जाऊन बादशाही वस्त्रे घातली आणि परत येऊन बसले. आधल्या भेटीत महादजींनी आणखी एक नाटक केले होते. हिंदुस्थानातला सर्वांत बलाढ्य सेनापती सगळ्यांच्या शेवटी जाऊन बसला, आणि पेशव्यांसमोर आला तेव्हा बगलेतल्या रुमालातून नव्या जोड्यांचा जोड काढून त्यांच्या पायांपाशी ठेवला. आमचे वाडवडील हेच करत आले, असा भाव. काही मुत्सद्दी हे पाहून मनात हसले असतील. मला हसू येत नाही. आंधळा बादशहा, कैदेतला छत्रपती, कोवळा पेशवा आणि जोडे उचलणारा सेनापती: चौघांपैकी एकाच्याच हातात खरी तलवार होती, आणि त्यालाच ठाऊक होते की नुसत्या तलवारीवर लोक तासभर गप्प राहतात. शामियान्याला फार मोठा खर्च आला असेल. तो वाया गेला असे मला वाटत नाही.

मानवस्त्र आपले आपण घालता येत नाही, हा साधा नियम ज्याने मोडला त्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. हान्स अँडरसनने ती १८३७ मध्ये लिहिली, पण तिचे मूळ त्याहून जुने. स्पेनमधल्या हुआन मान्युएलच्या चौदाव्या शतकातल्या कथेत ठग विणकर राजाला सांगतात की हे कापड औरस मुलालाच दिसते. अँडरसनने औरसपणा काढून शहाणपणा घातला, बालवाचकांसाठी ते बरेच झाले. दोन्हीकडे राजा नागडा निघतो. त्याचे कारण लोक ठगांची लबाडी किंवा दरबाऱ्यांचा भेकडपणा असे सांगतात. मला कारण वेगळेच दिसते. सगळ्या गोष्टींमधला हा एकटाच राजा असा आहे की ज्याने आपल्या मिरवणुकीचा पोशाख स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या खजिन्यातून, स्वतःसाठी शिवायला टाकला. त्याच्या अंगावर कुणी काही घातलेच नाही. हल्ली प्रवेशिकेसोबत शुल्क भरून मिळणारे राज्यस्तरीय पुरस्कार निघाले आहेत. त्यांच्या छायाचित्रांत शाल दिसते खरी. मी डोळे बारीक करून बघतो.

मानवस्त्र घेण्यापेक्षा न घालण्याने कधी कधी जास्त बोलता येते. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरि रावजी चिपळूणकरांनी राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी मेजवानी दिली. शहरातले सगळे सरदार, रावबहादूर जरीत बुडून आले. जोतीराव फुले आले ते शेतकऱ्याच्या वेशात, खांद्यावर घोंगडी टाकून. आणि भाषणात त्यांनी राजपुत्राला सांगितले की इथे जमलेल्या झगमगाटावरून राणीच्या प्रजेची पारख करू नका, खरी प्रजा खेड्यात आहे, ती अशी दिसते. त्या संध्याकाळी बाकीच्यांनी काय घातले होते ते आज कुणाला आठवत नाही. एवढे शिंपी राबले, एवढे सोनेमोती वापरले, आणि लक्षात राहिली घोंगडी. पुढे १९११ च्या दिल्ली दरबारात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड दागदागिन्यांचा साज न करता साध्या पांढऱ्या मराठी पोशाखात बादशहा पाचव्या जॉर्जसमोर गेले, तेव्हा साहेब लोकांची झोप उडाली होती. अंगावर नसलेल्या हिऱ्यांचा असा लखलखाट सहसा होत नाही.

मात्र इथे घाईघाईने साधेपणाची आरती म्हणायला लागू नये. घोंगडी हे उत्तर झाले, कारण फुल्यांना त्या मेजवानीत अंगरखा घालून येता आले असते. ज्यांना अंगरखा घालूच दिला नाही त्यांनी काय उतरवायचे? मनुस्मृतीत चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे नेसावीत असे सांगितले आहे. आपल्या गावगाड्यात प्रेतावरचे कापड हा महारांचा हक्क मानला जाई, आणि असल्या गोष्टीला हक्क म्हणण्याची हिंमत फक्त आपल्याकडेच असू शकते. म्हणून १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी बायकांना सांगितले, लुगडे नेसायची तुमची पद्धत बदला, अस्पृश्यतेची ओळख अंगावर बाळगू नका. बायकांनी ते लगेच मनावर घेतले. म्हणूनच बाबासाहेबांचा सूट हा निव्वळ कपडा नाही. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली तेव्हाचे झग्यातले छायाचित्र अनेक घरांच्या भिंतींवर आहे. त्या झग्याकडे वसाहतीचा अवशेष म्हणून बोट दाखवणाऱ्याने आधी त्या भिंतीसमोर उभे राहावे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसे जमली ती पांढऱ्या वस्त्रांत. मेलेल्यांच्या कपड्यांचे ओझे वाहिलेल्या समाजाने धुतलेले, स्वच्छ, स्वतःचे पांढरे कापड नेसून धम्म स्वीकारला. इथे मात्र माझा सुरुवातीचा नियम मोडतो. हे वस्त्र कुणी दिले नव्हते. मोडू दे.

पदवीदानाच्या झग्याबद्दल म्हणायचे तर, दर थोड्या वर्षांनी कुणी मंत्री तो भर समारंभात काढून ठेवतात, टाळ्या पडतात, आणि पुढल्या वर्षी तो भाड्याने पुन्हा येतो. त्याच्यापेक्षा मला वकिलांची काळजी जास्त आहे. सांगतात असे की इंग्लंडचा दुसरा चार्ल्स १६८५ मध्ये वारला, वकिलांनी सुतक म्हणून काळे झगे घातले आणि ते काढायचे राहून गेले. खरे-खोटे इंग्रज जाणे. पण ते सुतक आज चंद्रपूरच्या मे महिन्यात पाळले जाते, ही वस्तुस्थिती आहे. उन्हाळ्यात खालच्या न्यायालयांत काळ्या कोटाला सूट आहे, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांत नाही. न्यायाची पायरी जितकी वर तितका घाम जास्त, असा काहीसा तो हिशेब दिसतो.

मानवस्त्राचा सर्वांत खोल विचार, माझ्या मते, कुठल्याही दरबारात झाला नाही. तो भिक्खूंच्या संघात झाला. सुरुवातीचे भिक्खू उकिरड्यावरच्या, स्मशानातल्या चिंध्या वेचून, धुऊन, शिवून पांघरत. गावगाड्याने ज्यांच्यावर मेलेल्यांचे कापड लादले त्यांची आठवण ताजी ठेवून हे वाचावे, म्हणजे राजपुत्राने राजीखुशीने तेच कापड उचलण्याचा अर्थ अंगावर येतो. पुढे वैद्य जीवकाच्या विनंतीवरून बुद्धांनी गृहस्थांकडून वस्त्र घ्यायला परवानगी दिली. पण मग भिक्खूंच्या अंगावर अखंड उंची कापड येणार. तेव्हा नियम केला की चीवर, म्हणजे भिक्खूचे वस्त्र, तुकडे करून, जोडूनच शिवायचे. मगधातल्या भातखाचरांचे बांध पाहून बुद्धांनी आपला शिष्य आनंद याला विचारले, असे चीवर करता येईल का? आनंदाने ते केले. आजही चीवर नीट पाहिले तर त्यात खाचरे आणि बांध दिसतात. कापलेल्या कापडाला बाजारात भाव नाही, चोराला त्यात रस नाही. आणि हे वस्त्रही परक्या हातूनच येते. वर्षावास संपला की उपासक ते दान करतात, आपल्याकडच्या विहारांत चीवरदानाचा दिवस मोठा असतो. फरक एवढाच की इथे घेणाऱ्याला वर चढवत नाहीत. देणारा वाकतो, घेणाऱ्याकडे मिरवण्यासारखे काही राहत नाही, आणि फोटो परत एकदा काढायची सोय नाही.

विनयपिटकात एक प्रसंग आहे तो मला कुठल्याही विनोदी कथेहून आवडतो. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाचे प्रवचन ऐकून त्याला पाचशे वस्त्रे देऊन टाकली. राजा चिडला. एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण दुकान घालणार आहे की काय? तो थेट आनंदाकडे गेला. एवढ्या वस्त्रांचे काय करणार? ज्यांची विरली आहेत त्या भिक्खूंना वाटणार. आणि त्यांच्या विरलेल्यांचे? अंथरुणावर घालायला पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरू. त्या अंथरलेल्यांचे? पायपुसणी. पायपुसण्यांचे? झाडपुशीची फडकी. आणि फडक्यांचे? बारीक तुकडे करून, चिखलात कालवून जमीन लिंपू. राजाला आता विचारायला काही उरले नाही. त्याने खूश होऊन आणखी पाचशे दिली.

माझ्या आजीने हा ग्रंथ वाचलेला नव्हता. पण नऊवारीचे दुपटे, दुपट्याची गोधडी, गोधडीचे फडके आणि फडक्याचे पोतेरे हा तिचा क्रम आनंदाच्या क्रमाशी जवळजवळ जुळता होता. राजा तिच्याकडे आला असता तर त्याला तिने उत्तर दिले नसते, आधी पाय धुऊन ये म्हणाली असती. गाडगेबाबांनी तर मधल्या पायऱ्याच गाळल्या. ते पहिल्यापासून चिंध्यांची जोडलेली वाकळच पांघरून हिंडले. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. तिथे दरवर्षी पदवीदान होते, पदवीदान म्हटले की मिरवणूक आली, मिरवणूक म्हटली की वेश आला. बाबा असते तर समारंभाआधी मैदान झाडून निघून गेले असते.

कोकणातल्या दशावतारात राजाचा पोशाख रात्रभराचाच असतो. नट आपला रंग आपणच लावतात, बाकड्याचे सिंहासन होते, आणि त्या किरीटकुंडलांतल्या माणसाला प्रेक्षकांतली म्हातारी उठून खरोखर नमस्कार करते. पहाटे पेटारा भरायचा आणि पुढच्या गावच्या जत्रेला चालू पडायचे. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, अशी त्यांच्यात म्हणच आहे. पूर्वी हा बोजा म्हणजे खुद्द तोच पोशाख. पेशव्यांना, बादशहांना ही सोय नव्हती. ते रात्रीही त्यातच झोपत.

आणि मग जनाबाई. कथा अशी की विठ्ठल रात्री जनीकडे आला, तिच्यासोबत दळण दळले, बोलत बसला, तिथेच निजला. पहाटे काकड्याची वेळ झाली तशी देवाची धांदल उडाली. आपला भरजरी शेला आणि गळ्यातले पदक तिथेच विसरून तो जनीची ठिगळांची वाकळ पांघरून राउळात जाऊन उभा राहिला. बडव्यांनी दार उघडले तर देवाच्या अंगावर दासीची वाकळ आणि पदक गायब. शोध घेत ते जनीच्या खोपट्यात पोचले, पदक सापडले, चोरीचा आळ आला, शूळ रोवला गेला. शुळाचे पाणी झाले आणि जनी वाचली.

सगळे कीर्तनकार इथे हात जोडतात आणि पुंडलिक वरदा म्हणतात. मी प्रत्येक वेळी थोडा वेळ बसून राहतो, कारण माझा मुद्दा सुटलेला नसतो. शेला आणि पदक बडव्यांनी मोजून परत नेले, यात काही शंका नाही. पण देवाच्या अंगावरची वाकळ? ती कुणी उतरवली, देवाला तिच्याऐवजी काय घातले, आणि जनीला ती परत नेऊन दिली का? काकड्याचे दिवस म्हणजे कार्तिकातली थंडी, आणि तिच्याजवळ दुसरी होती असे कुठेही म्हटलेले नाही.